यावल, ऐकू येतंय का?

दिवाळीनंतरचा दुसरा रविवार, ठिकाण जळगाव, रक्कम एकोणीस हजार दोनशे रुपये. हजर आम्ही चौघं: मी, माझी बायको शोभा, तिची थोरली बहीण अक्का आणि अक्कांचे यजमान आबा, म्हणजे माझे साडू. घेतले ते हेल्मेटला बसवायचे चार रेडिओ संच. गाडी चालवता चालवता एकमेकांशी बोलायचे, आणि बोललेलं साठवूनही ठेवायचे.

तीन हिवाळे झाले त्याला. परवा धुळ्याच्या भाजीबाजारात भरताची वांगी आलेली दिसली. हिरवी, पांढुरक्या रेघांची, हातात घेतली की वजनापेक्षा हलकी वाटणारी. “बामणोदची का?” मी विचारलं, कारण यावलकडचं ते गाव या वांग्यांसाठीच ओळखलं जातं. “बठ्ठा तठलाच शेतस, भाऊ,” विकणारी बाई माझ्याकडे न बघता म्हणाली. सगळी तिथलीच, हे ती खरं सांगत नसावी, तरी मी दोन किलो घेतली. घरी येईपर्यंत पिशवीतून तो कच्चा हिरवा वास येत राहिला आणि माझ्या कानात वारा वाजायला लागला. वांग्यांचा आणि वाऱ्याचा काय संबंध, असं कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. त्या एका हिवाळ्यापुरता तो होता.

खानदेशचा उन्हाळा सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पारा किती चढला ते लोक आम्हाला फोन करून विचारतात. हिवाळ्याबद्दल कोणी विचारत नाही, त्यामुळे तो आमच्या आमच्यातच राहिला आहे. सकाळी तापीच्या पुलावर धुकं असतं आणि खाली पाणी आहे की नाही ते कळत नाही. पूल ओलांडून यावलच्या बाजूला लागलं की केळीचे बाग सुरू होतात, आणि रस्त्यावरची हवा एकदम ओली, जड होते. गारवा बाह्यांतून आत शिरतो. कापसाच्या गाड्या ज्या रस्त्याने गेल्या त्या रस्त्याच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकलेले असतात. लांबून बाभळीला फुलं आली असं वाटतं. मोटारसायकलवरून हे सगळं जसं लागतं तसं मोटारीतून लागत नाही. मोटारीत हिवाळा काचेबाहेर असतो.

शोभा माझ्या मागे बसू लागली त्याला आता सव्वीस वर्षं झाली. पूर्वी गाडीवर बोलणं व्हायचं नाही, पण सांगणं व्हायचं. डाव्या खांद्यावर दोन बोटं टेकली म्हणजे बाजूला घ्या, मागून मोठी गाडी आहे. पाठीवर पूर्ण तळवा म्हणजे हळू. कंबरेला चिमटा म्हणजे माहेरचं कोणीतरी दिसलं, थांबा. ही भाषा आम्हाला कोणी शिकवली नव्हती. अक्का आणि आबांचीही जवळजवळ हीच होती. बहिणी बहिणींनी ती कधी एकमेकींना सांगितली की काय, मला माहीत नाही.

आबा यावलचे, केळीवाले. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे, तालमीत कमावलेलं अंग, जाड मिशी, आणि जुनी काळी साडेतीनशेची गाडी, तिचा आवाज गल्लीच्या तोंडापासून ओळखू यायचा. साडू म्हणजे एकाच दुकानात माल घेणारी दोन गिऱ्हाइकं, असं ते चारचौघांत सांगायचे. “मी जरा आधी गेलो, म्हनून मले निवडून मिळाला.” अक्का समोर असल्या तर तिथल्या तिथे उत्तर यायचं: “कोनी कोनाले निवडलं ते घरी चला, मंग सांगते.”

त्या वर्षी त्यांच्या गाडीचा आवाज गल्लीतल्या सगळ्यांना येत होता, आबांना स्वतःला मात्र येत नव्हता. डावा कान आधीच गेलेला, उजवा निम्मा राहिलेला. मागून एसटी हॉर्न देत यायची आणि हे मधूनच चालत राहायचे. पुण्याला असलेल्या त्यांच्या दोन्ही मुलांनी सांगितलं, गाडी विका. मुलांनी कानाचं यंत्रही आणून दिलं होतं, पण हेल्मेट चढवलं की ते आत शिट्टी मारायचं. आबा कोणाशी वाद घालत नसत. ते एवढंच म्हणाले, “एक हिवाळा.” गाडी विकायची म्हणजे त्यांच्या लेखी सकाळी उठून बागेपर्यंत जायला पोराटोरांना विचारायचं, आणि ते त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. अक्का म्हणाल्या, “मी मागे बसते ना, मीच कान.” पण वाऱ्यात आणि हेल्मेटमध्ये मागच्याचं बोलणं चांगल्या कानालाही लागत नाही, तिथे त्यांचं काय!

उपाय शोभाला सुचला. आग्रा रोडवर चहाला थांबलो असताना दहा-बारा मोटारसायकलींचा एक तांडा आला. पोरं गाडीवर बसल्या बसल्या, हेल्मेट न काढता, एकमेकांशी हसत होती, आणि एक जण तर शंभर पावलांवरून बोलत होता. शोभा उठली आणि थेट विचारून आली. येताना तिच्या डोळ्यांत ते तेज होतं ज्याचा मला नेहमी खर्च येतो. “दाजींना हे बसवलं तर? अक्काचा आवाज थेट कानात जाईल.”

मी कॉलेजच्या कार्यालयात हिशेब बघतो. वस्तू घेण्याआधी तिच्याबद्दल वाचणं ही माझी सवय आहे. शोभा तिला रोग म्हणते. पंधरा दिवस मी वाचलं. हातात धरायच्या वॉकीटॉकी निम्म्या किमतीत मिळत होत्या, पण बोलताना बटण दाबून धरावं लागतं आणि मला आबांचे दोन्ही हात हँडलवर हवे होते. जास्त ताकदीच्या संचाला सरकारी परवाना लागतो, तो भाग सोडून दिला. काही हेल्मेटचे संच दोघांतच बोलतात, आम्ही चार. राहिले ते आवाजाने आपोआप उघडणारे, चौघांना जोडणारे, आणि बोलणं मोबाइलमध्ये साठवणारे. साठवण्याची अट आबांची. “जे हुकलं ते घरी जाऊन मोठ्यानं आयकता येईन,” ते म्हणाले होते.

जळगावचे दुकानदार शकीलभाई हेल्मेट, आरसे, हातमोजे असलं सगळं विकतात. मी डब्यावरचा आकडा वाचून दाखवला, दोन किलोमीटर. ते हसले. “साहेब, ते मैदानात. बीचमें केळीचा बाग आला की आवाज पिऊन टाकतो. दोनचे अर्धे करा, अर्ध्याचे पुन्हा अर्धे करा, मग घ्या. और बाद में मला बोलू नका.” मग माझे प्रश्न सुरू झाले: बॅटरी किती चालते, पावसाचं काय, दुरुस्ती कुठे, बिल पक्कं मिळेल ना. शकीलभाई शोभाला म्हणाले, “ताई, साहेब रिटायर होईपर्यंत आपण चहा घेऊ.”

शेवटी निकाल आबांवर सोडला. संच त्यांच्या हेल्मेटमध्ये बसवला, उजव्या कानाचा भोंगा कानावर नीट येईल असा सरकवून चिकटवला, आणि आबा हेल्मेट घालून दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. रिक्षा, हातगाड्या, रविवारची गर्दी. आत अक्कांनी दुसरं हेल्मेट घातलं, पदर सावरला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलल्या. बाहेर आबांनी मान वर केली. अक्का पुन्हा बोलल्या. आबा वळले आणि दुकानाकडे तोंड करून उभे राहिले. मी बाहेर गेलो. त्यांच्या हेल्मेटची काच वर करून विचारलं, “काय म्हणाल्या?”

“वांगे घ्यायचे राह्यले म्हने.” मग हेल्मेट काढत, “असं कानात बोलली, साडूभाऊ. घ्या.”

किमतीचा विषय तिथे संपला.

नंतर एक रविवार आड आम्ही शनिवारी संध्याकाळी यावलला मुक्कामाला जायचो आणि सकाळी दोन गाड्या निघायच्या. कधी रावेर, कधी पालच्या घाटात, कधी चोपड्याच्या रस्त्याला. पहिल्याच रविवारी गोंधळ झाला. फैजपूरच्या पुढे कानात बाईचा आवाज आला, “थांबा ना जरा.” मी थांबलो. पुढे आबाही थांबले.

“तुम्ही कशाला थांबलात?” मागून शोभा.

“तू म्हणालीस ना.”

“मी कुठे? अक्का म्हणाली. तिला पेरू घ्यायचेत.”

बहिणींचे आवाज एरवीही सारखे. त्या छोट्या भोंग्यातून तर एकच. एकीने “हळू” म्हटलं की दोन्ही गाड्या हळू व्हायच्या. एकीने “उजवीकडे” म्हटलं की दोघंही उजवीकडे, आणि मग कोणाचं काम होतं ते रस्त्याच्या कडेला उभं राहून ठरवायचं. त्यात आबांची वेगळीच तक्रार. दुपारी जेवताना ते मला हळूच म्हणाले, म्हणजे त्यांच्या मते हळूच, आजूबाजूच्या दोन टेबलांना ऐकू गेलं: “रेडिओ घेतल्यापासून ही मले ‘अहो’ म्हनत नही. सरळ हुकूम. थांबा, वळा, चला. हवालदार झाली.”

“काय बोलता!” अक्का लाल झाल्या. “जन्मात मी तसं बोलले नही.”

“मंग मी काय खोटं आयकतो? आता तर आयकू येतं मले!”

वाद मिटला नाही. तो मिटला पुढच्या खेपेला, आबांच्या बागेत, भरताच्या वेळी. कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवल्या होत्या, वांगी त्यात टाकली होती. पऱ्हाट्यांचा जाळ उंच जातो आणि लवकर खाली बसतो. मग निखाऱ्यात वांग्याची साल तडतडते आणि तो गोड, जळका वास कपड्यांत बसतो तो दोन धुण्यांत जात नाही. अक्का आणि शोभा साली काढून गर लाकडी बडगीत ठेचत होत्या, हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे. आबांनी अक्कांचा फोन उजव्या कानाला धरून त्यांच्या संचातलं मागच्या रविवारचं रेकॉर्डिंग लावलं होतं. अचानक ते म्हणाले, “अरे!” आणि फोन मध्ये ठेवून आवाज पूर्ण वाढवला.

आधी नुसता वारा. मग अक्का: “अहो, थांबा ना जरा.” मग वारा. “अहो, तो पेरूवाला गेला ना मागे.” “अहो, आयकता का?” प्रत्येक वाक्याला अहो. एकही सुटलेला नव्हता.

कोणालाच काही समजेना. मी शकीलभाईंना फोन लावला. त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. संच आवाजाने उघडतो. पहिला आवाज झाला की दार उघडायला लागतं. दार उघडेस्तोवर पहिला शब्द बाहेरच पडून जातो. रेकॉर्डिंग मात्र बोलणाऱ्याच्याच संचात सतत चालू असतं, त्यात तो शब्द असतो. “इसलिए साहेब, पहिला शब्द फालतू बोलायचा, कामाचा दुसरा.”

मी हे मोठ्याने सांगितलं. अक्कांनी बडगीतला हात थांबवला. “फालतू? पस्तीस वर्षांचं अहो फालतू?”

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पण त्यांनी ते रेकॉर्डिंग पुसलं नाही. मी नंतर कितीदा सांगितलं, जागा भरते, जुनं काढून टाका. ते हो म्हणायचे आणि ठेवायचे.

आता प्रश्न उरला की हाक कोणाला आहे ते कसं कळावं. मी सुचवलं की बायकांनी नावं घ्यावीत. शोभा माझं नाव आम्ही दोघंच असताना घेते, थोरल्या बहिणीसमोर घेणार नाही. अक्कांनी आबांचं नाव लग्नाच्या उखाण्यात घेतलं तेवढंच. “उखाना घालू का दरवेळी?” त्या म्हणाल्या. “एसटी अंगावर येईन तोवर यमक जुळवत बसू?” तोडगाही त्यांनीच काढला. कोण कुठला, ते नाव. झालं. त्या दिवसापासून आबा झाले यावल आणि मी झालो धुळे. “अहो, यावल, पुढे खड्डा.” “अहो, धुळे, तुम्ही फार मागे राह्यले.” अहो दार उघडायला खर्च व्हायचा आणि गावाचं नाव सुखरूप पोचायचं. बाहेरून कोणी ऐकलं असतं तर बसस्थानकावर उभं आहोत असं वाटलं असतं. आबा मग मुद्दाम ओढून म्हणायचे, “यावल फलाट क्रमांक दोनवर लागत हाये, प्रवाशांनी पेरू आवरावे.”

ती सगळी रेकॉर्डिंगं, चौघांचीही, माझ्याकडे आहेत. तारीखवार ठेवली आहेत. परवा वांगी घरात ठेवून मी त्यातलं एक लावलं. ऐकण्यासारखं त्यात काही नाही. वारा, हॉर्न, दोन बहिणी. आईच्या हातच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीला भेगा का पडत नसत. धाकट्या मामीच्या बांगड्या शेवटी कोणाकडे गेल्या. हरभरा घाट्यावर आला, बघ गं. मध्येच आबांचं गुणगुणणं, त्यांना वाटायचं ते कोणाला ऐकू जात नाही. एका जागी अर्धा मिनिट काहीच नाही, फक्त इंजिनाचा ठेका, आणि मग अक्का: “अहो, यावल, ऐकू येतंय का?” आणि आबा: “येतंय ना. बोल तू.” एरवी त्या विचारायच्या आणि ते “काय?” म्हणायचे. अक्का मला एकदा म्हणाल्या, “पाहुणे, आठ-दहा वर्षं झाली, मी एक गोष्ट दोनदा सांगायची. पहिल्यांदा त्यायले, दुसऱ्यांदा गल्लीले. आता घरातली गोष्ट घरात राहते.” घर म्हणजे चालती मोटारसायकल, पण मी ते बोललो नाही.

होळीला दोनेक आठवडे राहिले असताना चोपड्याहून परतत होतो. थंडी सरत आली होती, दुपारी ऊन टोचायला लागलं होतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा काढायला आला होता. पुढे आबा-अक्का, मागे आम्ही. बहिणी सकाळपासून बोलून दमल्या असतील, असं मला वाटलं, कारण कान शांत होते. मग मागून एक लक्झरी बस आली. मला ओलांडून पुढे गेली तेव्हा तिचा वेग मला आवडला नाही. समोरून केळीचा ट्रक येत होता. बसला आबांच्या आणि ट्रकच्या मधून जायचं होतं, आणि आबा रस्त्याच्या मधून निवांत चालले होते.

मी ओरडलो. शोभा ओरडली. आबा सरकले नाहीत. बसचा हॉर्न सलग वाजत होता. मी लांबून पाहिलं, अक्कांनी त्यांच्या डाव्या खांद्यावर दोन बोटं टेकली. मग थापच मारली. आबांनी डावीकडे मान वळवली, हरभऱ्याच्या शेताकडे पाहिलं, आणि मान हलवली. तीन महिने रेडिओवर बोलून खांद्यावरची ती दोन बोटं ते विसरून गेले होते. त्यांना वाटलं, अक्का शेत दाखवताहेत.

ट्रकवाल्याने ट्रक बाजूपट्टीवर उतरवला म्हणून निभावलं. बस त्यांच्या हँडलला वारा देऊन गेली. आबांची गाडी डगमगली, सावरली, आणि थांबली.

आम्ही पोचलो तेव्हा अक्का रस्त्याच्या कडेला खाली बसल्या होत्या. आबा हेल्मेट काढून आमच्याकडे बघत होते. “काय झालं रे? तुम्ही बोलत काहून नव्हते? मले वाटलं, आज दोघी रुसल्या.”

त्यांच्या संचाची बॅटरी संपली होती. हुकलेलं घरी ऐकता यावं म्हणून ते रेकॉर्डिंग घरापासून चालू ठेवायचे, कधीच बंद करायचे नाहीत, आणि ते बॅटरी खातं. बॅटरी संपण्याआधी संच सूचना देतो. बारीक, उंच, चिमणीसारखा आवाज, तीनदा. तो आवाज त्यांच्या कानाला कधीचा लागत नव्हता. दुकानात आम्ही माणसाचा आवाज तपासला, चिमणीचा कोणी तपासला नाही.

यावलपर्यंत आम्ही चौघं फार सावकाश गेलो. घरी चहा झाला. कोणी विषय काढला नाही. मुलांना फोन करायचा का, असं शोभाने डोळ्यांनी मला विचारलं आणि मी डोळ्यांनीच थांब म्हटलं. मग आबा म्हणाले, “साडूभाऊ, तुझ्या संचातलं लाव.”

“कशाला आता?”

“लाव. जे हुकलं ते आयकायचं म्हनूनच घेतलं ना आपन?”

मी लावलं. त्यांनी फोन उजव्या कानाला दाबून धरला, डोळे मिटले. मला बाहेरूनही ऐकू येत होतं. आधी माझं “यावल, डावीकडे घ्या!” मग “आबा! आबा!” मग हॉर्न, आणि मग मी चक्क माझ्या आईच्या बोलीत, “बाजूले व्हा! गाडी ई रायनी! बाजूले व्हा!” शोभाचं नुसतं “दाजी, दाजी.” मग ट्रकचे ब्रेक.

आबांनी फोन खाली ठेवला. “घाबरला की तुझं धुळं बाहेर येतं,” ते म्हणाले. हसायला कोणी तयार नव्हतं. ते अक्कांकडे वळले. “तू मारली ना थाप मले खांद्यावर?”

“हो.”

“मले वाटलं तू हरभरा दाखवते.” ते पुढे म्हणाले, “सेट बंद पडला का कान बंद पडला, मले काहीच फरक कळला नही. मागे तू बसेल होती.” आणि मग, कोणी न सांगता, शर्टाच्या खिशातली गाडीची किल्ली काढून अक्कांच्या समोर पाटावर ठेवली. “यावल आगारात जमा,” ते म्हणाले. अक्कांनी किल्ली उचलली नाही. त्या उठून आत गेल्या आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

होळीच्या आधी गाडी गेली. ती नेताना आबा बागेत जाऊन बसले होते. आवाज तिथपर्यंत जात होता, त्यांना येत नव्हता. हे चांगलं की वाईट, मला ठरवता आलेलं नाही.

आता बागेत जायचं तर पुतण्याच्या मागे बसून जातात. पुतण्याला विचारावं लागतं. विचारतात. आम्ही जातो, अजूनही एक रविवार आड, पण मोटारीने, चौघं एका मोटारीत. काच वर असते. सगळ्यांचं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं, आबांना सोडून. ते खिडकीतून बाभळी बघत राहतात. मुलांनी कानाचं यंत्र दुरुस्त करून दिलं, नवं घेऊन दिलं. ते ते लावतात आणि काढतात.

परवाची वांगी घेऊन आम्ही शनिवारी यावलला गेलो. संध्याकाळ होती. गल्लीत वळलो तर आबा ओट्यावरच्या बंगईवर बसलेले, हळूहळू झोके घेत, मांडीवर परातीत ओला हरभरा सोलायला, आणि डोक्यावर हेल्मेट. काच वर केलेली. समोरून सायकलवर जाणारा एक जण थांबून ओरडला, “आबा, कुठी निघाले?”

आबांनी त्याच्या तोंडाकडे पाहून प्रश्न ओळखला. “सैपाकघरात!”

आत अक्का चुलीपाशी होत्या, त्यांचा संच हेल्मेटमधून काढून गळ्यात बांधलेला. “अहो, यावल,” त्या कढईकडे बघत अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “शोभी आली हाये. परात आत आना.” बाहेर बंगईच्या कड्यांचा आवाज थांबला.

जेवताना मी आबांना विचारलं, एवढं महागाचं यंत्र आहे, ते का नाही लावत. मी मोठ्याने विचारलं. त्यांनी घास संपवला. “त्याच्यात भांडे आयकू येतात, कुत्रे आयकू येतात, टीव्ही आयकू येतो. बठ्ठं एकदम.” मग हेल्मेटकडे बोट करून, “याच्यात फक्त हीच.”

अक्कांनी त्यांच्या ताटात भरीत वाढलं, गरजेपेक्षा जास्त.

आबांच्या संचाची बॅटरी मागच्या महिन्यात पुरती गेली होती, हे मला शोभाकडून कळलं. अक्कांनी कोणाला सांगितलं नाही, मुलांना नाही, मला नाही. हेल्मेट कापडी पिशवीत घालून त्या एकट्याच एसटीने जळगावला गेल्या. शकीलभाईंनी संच उघडून बघितला आणि विचारलं, “गाडी कौनसी आहे, ताई?”

“गाडी नही,” अक्का म्हणाल्या. “मानूस हाये.”

शकीलभाईंनी नवी बॅटरी बसवली. नऊशे सांगितले होते; सातशे घेतले. ते अक्कांनी त्यांना रोख दिले, घरी शिवणकाम करून साठवलेल्या पैशांतून.